नित्यवाचन : पवित्र शास्त्र रोज किती वाचावे आणि कुठे थांबावे

ख्रिस्ती माणसाच्या दिनचर्येत पवित्र शास्त्राच्या नित्यवाचनाला जे स्थान आहे, ते एखाद्या पोथीच्या पारायणाहून वेगळे आहे. वाचलेल्या उताऱ्यावर मनन व्हावे, मननातून प्रार्थना उमटावी आणि प्रार्थनेचा परिणाम आचरणात दिसावा, अशी या वाचनाकडून अपेक्षा असते. ख्रिस्ती परिभाषेत जिला आध्यात्मिक वाढ म्हणतात, ती किती अध्याय वाचून झाले यावरून नव्हे, तर शेवटच्या या परिणामावरून ओळखली जाते. अडचण अशी की हे शास्त्र म्हणजे एक पुस्तक नसून पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत जुन्या कराराची ३९ आणि नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके मानली जातात व त्यांत १,१८९ अध्याय आणि ३१,००० हून थोडी अधिक वचने आहेत; कॅथलिक बायबलात आणखी ७ पुस्तके मिळून संख्या ७३ होते. एवढा मोठा संग्रह समग्र वाचला नाही तर त्यातील एकेका वचनाचा संदर्भ सुटतो, आणि समग्र वाचण्याच्या घाईत कोठेच थांबले नाही तर मनन होत नाही. नित्यवाचनाच्या ज्या ज्या पद्धती गेल्या दोन हजार वर्षांत निर्माण झाल्या, त्यांतील प्रत्येक पद्धत म्हणजे या दोन गरजांमध्ये केलेली एकेक तडजोड आहे, आणि त्या पद्धती तशा वाचल्या तरच त्यांचे गुणदोष नीट कळतात.

या प्रथेचे मूळ यहुदी उपासनेत आहे. ‘शेमा’ या नावाने ओळखला जाणारा, देव एकच आहे असे सांगणारा अनुवाद या पुस्तकातील उतारा सकाळी व संध्याकाळी म्हणण्याचा यहुदी प्रघात फार जुना आहे. आणि मोशेची पाच पुस्तके, म्हणजे तोरा, आठवड्यांच्या भागांत विभागून सभास्थानात वर्षभरात वाचून पूर्ण करण्याची पद्धत आजही चालू आहे. येशू नासरेथच्या सभास्थानात उभा राहून यशयाची गुंडाळी वाचतो, हा लूकच्या शुभवर्तमानातील प्रसंग याच सामुदायिक वाचनाचा आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात बिरुया येथील लोक पौलाचे म्हणणे खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी दररोज शास्त्र धुंडाळत, असा उल्लेख येतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की त्या काळी वाचन बहुधा मोठ्यानेच होत असे. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्प प्रश्न विचारू शकला, कारण त्या अधिकाऱ्याचे वाचन त्याला ऐकू आले. आणि चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता मनातल्या मनात वाचतात, याची दखल संत अगस्तीन यांना आपल्या आत्मकथनात घ्यावीशी वाटली. हस्तलिखिते महाग होती, साक्षरता मोजक्यांपुरती होती, म्हणून बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतके शास्त्र वाचले नाही, ते ऐकले. इजिप्तमधील संत अंतोनी यांचे चरित्र सांगते की चर्चमध्ये पाऊल टाकताच, संपत्ती विकून गरिबांना देण्याविषयीचे मत्तयाच्या शुभवर्तमानातील वचन कानी पडले आणि त्यांच्या आयुष्याने वळण घेतले. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मालकीच्या प्रतीतून, एकट्याने मूकपणे केलेले वाचन हे नित्यवाचनाचे आज सर्वपरिचित असलेले रूप या इतिहासात बरेच उशिरा आलेले आहे.

ऐकण्याकडून वाचनाकडे येणारा मोठा दुवा मठांनी पुरवला. सहाव्या शतकात इटलीतील मोंते कासिनो येथे संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ४८व्या प्रकरणात श्रमाचे तास आणि ‘लेक्तियो दिविना’चे, म्हणजे ईश्वरनिष्ठ वाचनाचे, तास ऋतुमानाप्रमाणे आखून दिले आहेत. पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळात प्रत्येकाला एक पुस्तक देण्यात यावे आणि त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचावे, अशी त्यात आज्ञा आहे. इतकेच नव्हे, तर वाचनाच्या वेळी कोणी आळसात किंवा गप्पांत वेळ दवडत नाही ना, हे पाहण्यासाठी एकदोन ज्येष्ठांनी मठात फेरी मारावी, असेही सांगितले आहे. वाचनात मन न लागण्याची तक्रार आधुनिक काळाच्या माथी मारणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य पाहावे. याच नियमावलीप्रमाणे १५० स्तोत्रांची संपूर्ण स्तोत्रसंहिता दर आठवड्याला एकदा सामुदायिक प्रार्थनांमधून म्हणून व्हायची होती, आणि पूर्वजांनी जे एका दिवसात केले ते आपण मंदोत्साही लोकांनी निदान आठवड्यात तरी करावे, असा चिमटाही बेनेडिक्ट काढतात.

मठांतील या वाचनाला पायऱ्यांची शिस्त बाराव्या शतकात मिळाली. फ्रान्समधील ग्रांद शार्त्रझ मठाचे नववे प्रमुख असलेले दुसरे गीगो यांनी एका मठबंधूला लिहिलेल्या पत्रवजा पुस्तिकेत मठवासीयाच्या शिडीला चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन म्हणजे शास्त्रवचनाकडे एकाग्रतेने लक्ष देणे. मनन म्हणजे त्या वचनात दडलेला अर्थ बुद्धीने शोधणे. प्रार्थना म्हणजे जे सापडले पण अद्याप आपले झाले नाही ते देवाकडे मागणे. आणि ध्यान म्हणजे मागणे थांबून देवाच्या सान्निध्यात स्थिरावणे. पहिल्या तीन पायऱ्या माणसाच्या प्रयत्नाने चढता येतात, चौथी मात्र दान म्हणून मिळते, असा या परंपरेचा आग्रह आहे. गीगो यांचे वैशिष्ट्य असे की ते ही पद्धत नुसती मांडत नाहीत, करून दाखवतात. अंतःकरण शुद्ध असणाऱ्यांना देवाचे दर्शन होईल, या आशयाचे डोंगरावरील प्रवचनातील एकच लहान वचन ते घेतात. येथे शरीराची नव्हे तर अंतःकरणाची शुद्धी सांगितली आहे, हे हेरतात. मग निर्मळ हात आणि शुद्ध मन असलेला कोण, असे विचारणारे २४वे स्तोत्र, नवे अंतःकरण मागणारे ५१वे स्तोत्र आणि आपल्या डोळ्यांशी करार करणारा ईयोब अशी शास्त्रातीलच ठिकाणे त्या एका वचनाभोवती गोळा करतात. एका ओळीवर थांबता येते ते बाकीचे शास्त्र स्मरणात असते म्हणून. आठवड्याला संपूर्ण स्तोत्रसंहिता म्हणणाऱ्या मठवासीयाला जे मनन सहज साधत होते, ते केवळ दिवसाला एक वचन वाचणाऱ्याला तितके साधत नाही, याचे कारण या उदाहरणात स्पष्ट दिसते.

आज वाचक ज्या अध्यायांच्या व वचनांच्या आधाराने आपले वाचन मोजतो, त्या खुणा मूळ लेखकांनी केलेल्या नाहीत. प्रचलित अध्यायविभागणीचे श्रेय तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये शिकवणारे आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. नव्या कराराची वचनवार क्रमांकणी रोबेर एतियेन या मुद्रकाने १५५१च्या ग्रीक आवृत्तीत केली. क्रमांक आले तसे शास्त्र वाटून घेणे सोपे झाले, आणि मुद्रणामुळे वाटलेला भाग घराघरांत पोहोचवणेही शक्य झाले. इंग्लंडमध्ये थॉमस क्रॅन्मर यांनी १५४९च्या सामान्य प्रार्थनापुस्तकात या दोन्ही सोयींचा उपयोग करून घेतला. जुनी वाचनव्यवस्था सणांच्या व संतचरित्रांच्या गर्दीत अशी अडकली होती की एखादे पुस्तक सुरू होई आणि दोनचार अध्यायांनंतर सुटून जाई, आणि काय वाचायचे ते शोधण्यातच वाचण्याहून अधिक श्रम पडत, अशी तक्रार त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. त्यावर उपाय म्हणून सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत जुना करार बहुतांशी वर्षातून एकदा, प्रकटीकरण वगळता नवा करार वर्षातून तीनदा आणि स्तोत्रसंहिता दर महिन्याला एकदा वाचून व्हावी, अशी आखणी करण्यात आली. स्तोत्रांना महिना आणि जुन्या कराराला वर्ष, हे प्रमाण विचारपूर्वक ठरवलेले आहे : जे ओठांवर रुळायला हवे ते वारंवार, आणि जे माहीत असायला हवे ते क्रमाने. समग्रतेची आणि थांबण्याची गरज एकाच आराखड्यात बसवण्याचा याहून समंजस प्रयत्न क्वचितच झाला असेल.

मननाची गृहस्थांना पेलेल अशी रीत मात्र त्याआधीच जर्मनीत मांडली गेली होती. मार्टिन ल्यूथर यांनी १५३४ मध्ये संपूर्ण बायबल जर्मन भाषेत आणले आणि पुढच्याच वर्षी विटेनबर्गमधील आपल्या न्हाव्याला, पेटर बेस्केनडोर्फ याला, प्रार्थना कशी करावी हे सांगणारी एक छोटी पुस्तिका लिहून दिली. दहा आज्ञांपैकी एकेक घेऊन तिचे चार पदर उलगडावेत, असे ते सुचवतात : ही आज्ञा काय शिकवते, तिच्याबद्दल देवाचे आभार कशासाठी मानायचे, तिच्या प्रकाशात स्वतःचा कोणता अपराध कबूल करायचा आणि तिच्यातून कोणती मागणी निघते. शिकवण, उपकारस्तुती, पापकबुली आणि विनंती हे चार प्रश्न शास्त्रातील जवळजवळ कोणत्याही उताऱ्याला विचारता येतात, म्हणून आजच्या बहुतेक मननपद्धती, नावे कोणतीही दिलेली असोत, या चौकटीच्या आसपास फिरतात. चांगला न्हावी हजामत करताना वस्तऱ्यावरून लक्ष ढळू देत नाही, गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचा गळाच कापेल, हे उदाहरण ल्यूथर यांनी त्या न्हाव्यासाठी मुद्दाम योजले आहे. त्यापुढची त्यांची सूचना अधिक मोलाची आहे : चारही पदर रोज पूर्ण करण्याचा अट्टहास धरू नये, पहिल्याच विचारापाशी मन भरून आले, तर बाकीचे सोडून तेथेच स्तब्ध राहावे.

थांबण्याकडे झुकलेल्या पद्धतींचे टोक अठराव्या शतकात हेर्नहूट येथे गाठले गेले. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या या वस्तीत काउंट झिंझेंडॉर्फ यांच्या आश्रयाला आलेल्या मोरावियन बंधुमंडळीला ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या उपासनेत त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी एक लहानसे घोषवाक्य दिले. मग असे वाक्य दररोज घरोघर पोहोचवण्याचा परिपाठ पडला आणि १७३१ पासून वर्षभराची वचने पुस्तकरूपाने आधीच छापली जाऊ लागली. ‘लोझुंगेन’ नावाने ते पुस्तक त्या वर्षापासून आजतागायत निघते आणि पन्नासाहून अधिक भाषांत त्याची भाषांतरे होतात. त्यातील जुन्या कराराचे वचन चिठ्ठ्या टाकून काढले जाते आणि त्याला जुळणारे नव्या कराराचे वचन नंतर निवडले जाते. दैनंदिन मननाच्या ज्या पुस्तिका आज जगभर वाचल्या जातात, त्यांचे हे एक पूर्वरूपच म्हणावे लागेल.

चिठ्ठीची ही पद्धत एका जुन्या वादाला जवळून स्पर्श करते. पुस्तक डोळे मिटून उघडावे आणि बोट जेथे पडेल ते वचन म्हणजे आपल्यासाठी दैवी कौल मानावा, ही सवय ख्रिस्ती जगात फार जुनी आहे. ५०६ साली आग्द येथे भरलेल्या धर्मपरिषदेने अशा प्रकारे शास्त्रातून भविष्य काढण्यास बंदी घातली होती. दुसऱ्या बाजूने, ३८६ साली मिलानमधील एका बागेत संत अगस्तीन यांनी पुस्तक उघडून पहिला नजरेस पडलेला रोमकरांस पत्रातील उतारा वाचला आणि तेथेच त्यांचा ख्रिस्ती होण्याचा निर्णय झाला, ही हकिकतही परंपरेने आदराने जपली आहे. दोहोंतील फरक असा की अगस्तीन ते पत्र आधीपासून वाचत होते. उघडलेले पान त्यांना अपरिचित नव्हते. हेर्नहूटच्या वचनामागेही रोजचे सामुदायिक शास्त्रवाचन होते. ही पार्श्वभूमी काढून घेतली की सुटे वचन वाचकाच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीला होकार देणारे सुभाषित होऊन बसते, आणि समाजमाध्यमांवरून सकाळी सकाळी फिरणाऱ्या फुलापानांच्या चित्रांवरील वचनांचे बव्हंशी हेच होते. बाबेलमधील बंदिवानांना सत्तर वर्षे धीर धरा असे सांगणाऱ्या यिर्मयाच्या पत्रातले, उज्ज्वल भवितव्याचे आश्वासन देणारे वचन परीक्षेच्या निकालाआधी पाठवले जाते, तेव्हा ती सत्तर वर्षे कोणाच्याच ध्यानात नसतात.

समग्रतेच्या टोकाला जी योजना सर्वांत प्रसिद्ध आहे ती स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या सेंट पीटर्स चर्चचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मकचेन यांची. १८४२च्या अखेरीस त्यांनी आपल्या मंडळीसाठी पुढील वर्षाचे एक वाचनपत्रक तयार केले, ज्यानुसार जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होत असे. दिवसाचे चार उतारे असत, त्यांतील दोन कुटुंबाने एकत्र वाचायचे आणि दोन एकांतात. सारी मंडळी एकाच दिवशी एकच उतारा वाचेल, म्हणजे घराघरांत त्यावर बोलणे होईल, हा त्यांचा मुख्य हेतू होता. याहून लक्षणीय गोष्ट अशी की योजनेचे फायदे सांगण्याआधी त्यांनी तिचे धोके सांगितले आहेत : वाचन यांत्रिक होईल, नेमलेला भाग संपला की माणूस स्वतःवर खूश होईल, घाईने वाचून हातावेगळे करण्याची सवय लागेल आणि काहींना ते जड जू वाटेल. २५ मार्च १८४३ रोजी, वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी मकचेन यांचे निधन झाले. त्यांच्या पत्रकाचे पहिले वर्ष तेव्हा चौथ्या हिश्शाइतकेही सरले नव्हते.

मकचेन यांनी दिलेले इशारे साध्या हिशेबानेही पटतात. १,१८९ अध्याय ३६५ दिवसांत वाचायचे तर रोज सव्वातीन अध्याय पडतात. उत्पत्तीपासून सरळ वाचत गेलेला वाचक १ जानेवारीला सुरुवात करून तेविसाव्या दिवसाच्या सुमारास निर्गमच्या त्या भागात येतो, जेथे निवासमंडपाच्या फळ्या, पडदे आणि आकड्या यांची मापे सुरू होतात, आणि महिना संपण्याच्या आत लेवीयच्या यज्ञविधींत शिरतो. असंख्य संकल्प नेमके येथे मोडतात, आणि दोष वाचकाच्या श्रद्धेवर ठेवला जातो. वस्तुतः येथे चुकते ती मांडणी, कारण याजकांसाठी लिहिलेले विधिनियम आणि अब्राहामाची कथा एकाच गतीने वाचता येत नाहीत. म्हणून अनुभवी पाळक नवख्या वाचकाला मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करायला सांगतात. त्याचे सोळा अध्याय एका बैठकीतही वाचता येतात, आणि एकदा सलग वाचून झाल्यावर रोज एक प्रसंग घेऊन पुन्हा सावकाश जाता येते. नव्या कराराचे एकूण २६० अध्याय आहेत, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर बावन्न आठवड्यांत तो बरोबर पूर्ण होतो आणि दोन दिवस मागे राहिलेले भरून काढायला किंवा नुसतेच थांबायला मोकळे राहतात. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांशी जुळवून वाचण्याचा प्रघातही अनेक घरांत आहे.

खरी कसोटी लागते ती कठीण उताऱ्यांपाशी. स्तोत्रसंहिता हे प्रार्थनेचे पुस्तक, पण त्यातील काही स्तोत्रांत शत्रूच्या सर्वनाशाची मागणी आहे, आणि १३७व्या स्तोत्राचा शेवट तर बाबेलच्या तान्ह्या मुलांविषयी जे बोलतो ते शत्रूंवर प्रीती करण्याच्या येशूच्या शिकवणीपुढे वाचकाला निरुत्तर करते. कॅथलिक चर्चने १९७१ पासून प्रसिद्ध झालेल्या सुधारित नित्यप्रार्थनेत स्तोत्रसंहिता चार आठवड्यांवर पसरली आणि ५८, ८३ व १०९ ही तीन स्तोत्रे पूर्ण, तर इतर काहींतील वचने वगळली. उपासनेच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. मननाच्या दृष्टीने मात्र अडखळायला लावणारा उतारा पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो, कारण वाचकाच्या मनातील सूडबुद्धी तेथे शास्त्राच्याच शब्दांत त्याच्यासमोर उभी राहते आणि तिचे काय करायचे हे त्याला देवापुढे ठरवावे लागते.

जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहोफर यांनी या स्तोत्रांची बाजू घेतली होती. हिटलरच्या राजवटीला शरण न गेलेल्या मंडळीचे पाळक घडवण्यासाठी फिंकेनवाल्डे येथे १९३५ ते १९३७ या काळात त्यांनी जी अध्ययनशाळा चालवली, तेथे स्तोत्रे रोज सामुदायिकपणे वाचली जात आणि शिवाय प्रत्येकाने एक छोटा उतारा घेऊन आठवडाभर त्याच उताऱ्यावर रोज अर्धा तास मौन मनन करावे, असा नियम होता. तरुण विद्यार्थ्यांना आरंभी हा अर्धा तास खायला उठे. परंतु या शिस्तीत मुरलेला वाचक शास्त्र आणि दिवस यांची सांगड कशी घालतो, याचा पुरावा बोनहोफर यांच्या स्वतःच्या बायबलात आहे : यहुद्यांची सभास्थाने जर्मनीभर जाळली गेली त्या रात्रीची तारीख, ९ नोव्हेंबर १९३८, त्यांनी ७४व्या स्तोत्रातील त्या वचनाशेजारी टिपून ठेवली, जेथे शत्रूंनी देशातील देवाची सभास्थाने जाळल्याचा आक्रोश आहे. प्राचीन इस्राएलची व्यथा शेजारच्या यहुद्यांची म्हणून वाचणे, हे त्या काळच्या जर्मन चर्चमध्ये फार थोड्यांना सुचले. ऐकून विसरणारा माणूस आरशात तोंड पाहून लगेच ते कसे होते हे विसरणाऱ्यासारखा असतो, असे याकोबाचे पत्र म्हणते. बोनहोफर यांची ती टीप न विसरणाऱ्याची आहे, आणि एप्रिल १९४५ मध्ये फाशी जाईपर्यंतचे त्यांचे आयुष्य तिला साक्ष आहे.

कॅथलिक चर्चमध्ये सामान्य श्रद्धावंताच्या हाती बायबल देण्याबाबत दीर्घकाळ जी सावधगिरी होती, ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या प्रकटीकरणविषयक दस्तऐवजाने औपचारिकपणे मागे पडली. सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी, असा आग्रह त्यात आहे. त्यानंतर मिस्सामधील वाचने रविवारी तीन वर्षांच्या आणि इतर दिवशी दोन वर्षांच्या चक्रात बसवण्यात आली, त्यामुळे रोजच्या मिस्साचीच वाचने घरी मननासाठी घेणे कॅथलिक कुटुंबांना सोपे झाले.

मराठी प्रदेशात शास्त्राचे श्रवण छापील बायबलाच्या कितीतरी आधी सुरू झाले. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले; सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे पहिले पुराण जुन्या कराराची आणि दुसरे पुराण ख्रिस्तचरित्राची कथा सांगते. ते बायबलाचे भाषांतर नव्हे, परंतु पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती समाजाला चर्चमध्ये वाचून-गाऊन दाखवता यावे असे शास्त्रकथन आहे, आणि त्या समाजाच्या मुखी ते पिढ्यानपिढ्या राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली, तेव्हा हाच धागा पुन्हा हाती आला. कीर्तनातील निरूपण म्हणजे अखेर एका वचनावर थांबून, इतर वचने त्याच्याभोवती गोळा करीत केलेले जाहीर मननच होय.

छापील मराठी शास्त्राचा आरंभ बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात झाला. विल्यम केरी यांनी मराठी पंडितांच्या साहाय्याने केलेले मत्तयाचे शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये आपला नवा करार आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आणले. यातील एखादी प्रत एकट्या वाचकाच्या हाती पडल्यावर काय होऊ शकते, याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९३च्या सुमारास राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना खिळवून ठेवले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला; पुढे त्यांनी आरंभलेले ख्रिस्तायन हे ख्रिस्तचरित्रपर काव्य त्यांच्या मृत्यूनंतर पत्नी लक्ष्मीबाई यांनी पुढे नेले.

पंडिता रमाबाई यांची वाट अधिक लांबची होती आणि या विषयाला अधिक जवळची आहे. तीर्थक्षेत्री पुराणे सांगून निर्वाह करणाऱ्या कुटुंबात त्या वाढल्या, म्हणजे पवित्र ग्रंथाचे नित्यवाचन त्यांच्या हाडीमांशी होते. कलकत्त्यात त्यांना संस्कृत बायबलाची प्रत मिळाली, पण त्यातील भाषा आणि शिकवण त्यांच्या परिचयाच्या संस्कृत वाङ्मयाहून इतकी वेगळी वाटली की वाचन पुढे सरकले नाही. नंतर सिल्चर येथे हाती आलेले लूकच्या शुभवर्तमानाचे छोटे बंगाली पुस्तक मात्र त्यांनी वाचले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी १९०७ मधील आपल्या साक्षीपर लेखनात दिली आहे. शास्त्राची माहिती आणि शास्त्राने घडवलेला पालट यांतील अंतर इतक्या नेमकेपणाने मराठी माणसाने क्वचितच नोंदवले असेल. प्रचलित मराठी भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा केडगाव येथील आपल्या मुक्तिसदन या आश्रमातील दुष्काळग्रस्त, अर्धशिक्षित स्त्रियांना कळत नाही, हे पाहून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांच्याच श्रमांतून छापलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात निघाला.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ या प्रयत्नांच्या मालिकेतील अलीकडचे मोठे काम असून त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यामुळे आजच्या मराठी वाचकापुढे, प्रोटेस्टंट मंडळ्यांत रुळलेल्या बायबल सोसायटीच्या पवित्र शास्त्राबरोबरच, दुसऱ्या धाटणीचा मराठी पाठही उपलब्ध आहे, आणि नित्यवाचनासाठी दोन पाठ शेजारी ठेवण्याची रीत अवलंबण्याजोगी आहे. लहानपणापासून तोंडपाठ असलेले २३वे स्तोत्र किंवा डोंगरावरील प्रवचन ओठांवरून इतके सराईतपणे निघून जाते की त्यातील शब्दांकडे लक्षच जात नाही. तेच वचन अनोळखी शब्दांत समोर आले की वाचक अडखळतो, मागे जाऊन पुन्हा वाचतो आणि दोन्ही ठिकाणी नेमके काय म्हटले आहे हे ताडून पाहू लागतो.